चार तास भरायच्या आधी

डेपोत त्याला सगळे जनरेटर म्हणत. दुपारच्या दोन फेऱ्यांच्या मधे ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी विश्रांतीच्या खोलीत आडवी व्हायची, आणि याने पाठ टेकली की पाच मिनिटांत बाकीचे आपापल्या उशा काखोटीला मारून व्हरांड्यात. "लाइट गेली तरी आपला चालूच," असं कुणीतरी एकदा म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते कायमचं. आपण त्याला ड्रायव्हरच म्हणू. पुढे जे सांगायचं आहे त्याला ते टोपणनाव शोभत नाही.

माणूस अंगाने मोठा, मान जाड, स्वभावाने मऊ. तेवीस वर्षं बस चालवली, गाडीला कधी ओरखडा नाही. एखादी म्हातारी पिशवी सावरत स्टॉपकडे धावताना आरशात दिसली, की वेळापत्रक गेलं खड्ड्यात म्हणून थांबणारा. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन. लोकांच्या पँटी आखूड करणं, झिपा बदलणं, लहान झालेल्या कपड्यांची शिवण सोडून देणं, हे तिचं काम. एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात एका बेकरीत होती. तिची पाळी रात्री दोनला सुरू व्हायची आणि लोक उठेपर्यंत तिचे पाव भाजून तयार असायचे.

घोरण्यावर उपाय सांगत नाही असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. कंडक्टरने नाकावर चिकटवायच्या पट्ट्या आणून दिल्या. त्या सकाळी उशीला चिकटलेल्या सापडायच्या. शेजारच्या काकूंनी झोपताना कोमट दूध घ्यायला सांगितलं. त्याने पोट सुटलं, घोरणं होतं तिथेच राहिलं. कुणी तळपायाला तेल चोळायला सांगितलं, कुणी घशात फवारा मारायला. मेव्हण्याने तर ओठांवर चिकटपट्टी लावून झोपायचा सल्ला दिला आणि पहिल्याच रात्री हा गुदमरून असा उठला की पट्टीबरोबर अर्धी मिशी गेली. शेवटी बायकोने डोकं लढवलं. बनियनच्या पाठीवर एक कापडी खिसा शिवला आणि त्यात टेनिसचा चेंडू घातला, म्हणजे उताणं होता येणार नाही. हा पठ्ठ्या चेंडूवर उताणा झोपला आणि आठवडाभर कंबर धरून बस चालवत राहिला.

या सगळ्या गमतीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. घोरता घोरता तो मधेच गप्प व्हायचा. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी अर्धा मिनिट. ऐकणाऱ्याला वाटायचं, चला, थांबला एकदाचा. खरं तर दुखणं होतं ते तिथेच. त्या वेळी त्याचा घसा मिटलेला असायचा, छाती हवा ओढत राहायची आणि आत काही जायचं नाही. मग एक मोठा आचका बसायचा आणि पुन्हा सुरू. तासाला चाळीस वेळा तो असा मरता मरता परत यायचा आणि सकाळी त्याला यातलं काही आठवायचं नाही. आठवायचं ते फक्त जड डोकं आणि कोरडं तोंड. एकदा भर दुपारी लाल दिव्याला थांबला असताना त्याचा डोळा लागला. हिरवा पडला, मागून हॉर्न सुरू झाले, कंडक्टरने दोनदा घंटी मारली तेव्हा तो दचकून जागा झाला. बसमध्ये साठ माणसं होती. ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही.

मग दुसऱ्या एका डेपोची बस वळणावर वळायचं सोडून सरळ भिंतीत गेली. ड्रायव्हर झोपला होता. नऊ जणांची हाडं मोडली. वरून हुकूम आला: जाड मानेच्या माणसाचा घसा झोपेत मिटतो, तेव्हा सगळ्या ड्रायव्हरांच्या माना मोजा. एका सकाळी डेपोचे डॉक्टर शिंप्याची टेप घेऊन बसले आणि पुढे चाळीस धिप्पाड माणसं कॉलर उघडून रांगेत उभी. आपल्या ड्रायव्हरची मान सेहेचाळीस सेंटिमीटर भरली. फॉर्मवर प्रश्न होता, झोपेत घोरता का? त्याने लिहिलं, नाही. मागची अख्खी रांग खो खो हसली. डॉक्टरांनी वर न बघताच 'नाही' खोडून 'हो' केलं आणि त्याला मोठ्या इस्पितळाच्या झोपेच्या विभागात पाठवलं.

तिथे मशीन देणाऱ्या ताईंनी त्याला एक लहानसा डबा दिला. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. एक रात्र घरीच घालून झोपायचं आणि सकाळी परत आणून द्यायचा. ड्रायव्हर तो डबा मांडीवर घेऊन बसने घरी आला. दुसऱ्याच्या बसने, मागच्या सीटवर बसून. जेवताना तो ताटातला भात नुसता चिवडत बसला.

"असं काय करताय?" बायकोने विचारलं.

"यात नापास झालो तर बस जाते."

"जाते म्हणजे?"

"म्हणजे काय? डेपोत झाडू घ्या, नाहीतर घरी बसा."

तिने डबा हातात घेऊन उलटासुलटा केला. झिप बिघडलेला कोट बघावा तसा. मग म्हणाली, "याला कसं कळणार आत कोण झोपलंय ते?"

"अगं, भलतंच काय!"

"भलतं कसलं? आणा इकडे. मी घालते. तुमच्या घोरण्याने मला झोप येत नाही ती गोष्ट वेगळी, पण लागली की माझा आवाज तरी येतो का कधी?"

तो दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला नाही. त्याने स्वतःच्या हाताने तिच्या छातीला पट्टा बांधला; तो शेवटच्या भोकापर्यंत आवळावा लागला, इतकी ती बारीक झाली होती. ती हसत होती. त्या रात्री तो बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीनच्या पायाशी झोपला. आपलं घोरणं डब्याला ऐकू जाऊ नये, एवढीच त्याला चिंता.

आठवड्याने त्याला बोलावणं आलं. झोपेच्या विभागाच्या डॉक्टरबाई पडद्यावर त्याचा म्हणून जो आलेख होता तो पुन्हा पुन्हा मागेपुढे करत होत्या.

"तुमचा रिपोर्ट मला चक्रावून टाकतोय," त्या म्हणाल्या. "तुमची मान बघून मला वाटलं होतं, घसा मिटत असणार. तसं असतं तेव्हा वाट बंद असते, पण छाती ओढत राहते. इथे छातीच थांबतेय. श्वास घे, हा मेंदूचा निरोपच पोचत नाहीये. आणि हे बघा, श्वास वाढत जातो, वाढत जातो, मग कमी कमी होत थांबतो. झोपाळ्यासारखा. पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक वेळा हे हृदय थकलेल्या माणसात दिसतं. मला सरळ उत्तरं द्या. जिना चढताना मधेच थांबावं लागतं?"

"नाही," ड्रायव्हर म्हणाला. आणि त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे बायको आली, दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर पिशवी टेकवून बसलेली. गेल्या वर्षभरात ती रोज तिथे बसायची. म्हणायची, पिशवीच्या बंदाने हात कापतो.

"झोपताना उशा किती घेता?"

"एक." तिला तीन लागायच्या. म्हणायची, तुमच्या घोरण्याला जरा उंचावरून तोंड दिलेलं बरं.

"संध्याकाळी पाय सुजतात? बोटाने दाबलं की खड्डा राहतो?"

"नाही." मशीनवर पाय लोंबकळतात म्हणून सुजतात, असं ती सांगायची. त्यानेच तिला एक माप मोठ्या चपला आणून दिल्या होत्या.

"रात्री धाप लागून उठून बसावं लागतं?"

कितीतरी रात्री त्याला अर्धवट जाग यायची तेव्हा ती पलंगाच्या काठावर बसलेली असायची, दोन्ही हात गादीवर रोवून. "झोपा हो तुम्ही," ती म्हणायची, "तुमच्या इंजिनाने उठवलं मला." आणि तो ओशाळून कूस बदलायचा. घरात जे काही बिघडेल त्याचं खापर त्याच्या घोरण्यावर फुटायचं, आणि ते दोघांनाही इतकं अंगवळणी पडलं होतं की तिचा थकवा, तिची धाप, तिचं जागरण, सगळं त्याच्याच नावावर जमा होत गेलं. तिला स्वतःलाही कधी शंका आली नाही.

"नाही," तो म्हणाला.

इथे त्याने तोंड उघडायला हवं होतं. आपण सगळे म्हणू, की आपण असतो तर उघडलं असतं. पण त्याला तेव्हा दिसत होती ती भिंतीत गेलेली बस, हातातून जाणारं तेवीस वर्षांचं स्टेअरिंग आणि फसवणूक केली म्हणून होणारी शोभा. त्याने मनाशी हिशेब केला, की हे न सांगताही बायकोला डॉक्टरकडे नेता येईल. त्याच संध्याकाळी तो तिला गल्लीतल्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी नाडी धरली, डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली, रक्त कमी आहे म्हणाले आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. "यांच्या घोरण्याने झोप होत नाही," बायकोने सांगितलं. डॉक्टर हसले, तीही हसली. ड्रायव्हरने गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. हृदयाची चाचणी त्याने स्वतःची करून घेतली, कारण डॉक्टरबाईंनी चिठ्ठी त्याच्या नावाची दिली होती. त्याचं हृदय ठणठणीत निघालं.

असे नऊ दिवस गेले. नवव्या दिवशी दुपारी तो घरी आला तेव्हा ती दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसली होती आणि तिच्याजवळ पिशवी नव्हती. खाली कचरा टाकून रिकाम्या हाताने वर येत होती, तेवढंच. ओठ निळसर पडले होते. "बसू द्या जरा," ती म्हणाली. तो तिच्या शेजारी बसला. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाली, "बसू द्या."

त्याने तिला उचललं, रिक्षात घातलं आणि थेट झोपेच्या विभागात नेलं, कारण त्याला माहीत असलेलं एकच दार ते होतं. डॉक्टरबाईंच्या टेबलापुढे उभा राहून म्हणाला, "तो रिपोर्ट माझा नव्हता. माझ्या बायकोचा होता."

डॉक्टरबाई संतापल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कुठे आहेत त्या?" आणि खुर्ची मागे ढकलून उठल्या.

हृदयाचा पंप पाव ताकदीवर चालला होता. जुना कुठलातरी ताप हृदयात उतरला असावा, असं हृदयाच्या डॉक्टरांचं म्हणणं. पाणी उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या, चार दिवसांत पायांची सूज गेली, चेहऱ्यावर रंग आला. पाचव्या दिवशी तिला नीट बोलता यायला लागल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. रिपोर्ट, प्रश्न, खोटी उत्तरं, नऊ दिवस. सांगताना तो लहान मुलासारखा रडला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बस गेली ना तुमची?"

"अगं, बसचं काय घेऊन बसलीस?"

"मग कशाचं घेऊ? डबा मी मागून घेतला. तुम्ही कुठे दिला होतात?"

तिचा राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती मात्र पडल्या पडल्या त्याची बस परत कशी मिळेल याचाच विचार करायला लागली.

डेपोने त्याला कामावरून काढलं नाही; कबूल केलं म्हणून दया दाखवली. बस धुण्याच्या हौदावर लावलं, दुसऱ्या पाळीत. रात्री अकराला सुटून तो बाराच्या ठोक्याला अंथरुणावर पडायचा. या वेळी त्याची स्वतःची तपासणी झाली. तासाला एकेचाळीस वेळा श्वास बंद. त्याला हवेचं यंत्र मिळालं: नाकावर मुखवटा, त्याला नळी, आणि नळीतून रात्रभर हवेचा दाब, म्हणजे घसा मिटत नाही. यंत्रात एक कार्ड होतं, त्यात प्रत्येक रात्रीचा मिनिटामिनिटाचा पत्ता लागायचा. डेपोच्या साहेबांनी त्याला यंत्राच्या फॉर्मवरचा नियम वाचून दाखवला. सलग तीस रात्री, प्रत्येक रात्री कमीत कमी चार तास एका दमात मुखवटा लागलेला हवा. एक रात्र कमी भरली तर पुन्हा पहिल्यापासून. तीस भरल्या, की बस परत.

पहिल्या महिन्यात त्या मुखवट्याने त्याच्या नाकी नऊ आणले. झोपेत तो ओढून फेकून द्यायचा. एकदा अकराव्या रात्री फेकला, एकदा एकोणिसाव्या. एकोणिसाव्या रात्रीच्या सकाळी बायको पलंगाच्या कडेला बसून डोक्याला हात लावून म्हणाली, "झालं. पुन्हा एक." तिने मुखवट्याच्या पट्ट्यांना मऊ फलालीनचं अस्तर शिवून दिलं, टोचू नये म्हणून. तिच्या हातची सवयच ती. कापड लागलं आणि मुखवटा टिकायला लागला.

आणि मग त्याला झोप म्हणजे काय ते कळलं. पन्नाशी ओलांडल्यावर. सकाळी उठला की डोकं हलकं, तोंडाला चव. दुपारी हौदावर बादली धरून उभ्या उभ्या लागणारी झापड गेली. माणसांची नावं आठवायला लागली. चिडचिड किती होती हे ती गेल्यावर समजलं. घरात रात्री इतकी शांतता, की बायकोलाच पहिले काही दिवस झोप येईना. "दोनदा उठून नाकाशी बोट धरून बघितलं," ती शेजारच्या काकूंना सांगायची, "म्हटलं आहेत का गेले!" ती स्वतःही बरी दिसायची. जिना चढायची ती दोनदा थांबून, पण चढायची. काम थोडं थोडं हातात घेतलं होतं. रात्र मात्र तिला अजून जड जायची, हे तो मुखवटा लावून झोपत असल्यामुळे त्याला फारसं कळत नव्हतं. रोज सकाळी ती आकडा सांगायची. चौदा. पंधरा. बावीस. पंचवीस. तिला त्याला पुन्हा बसवर बघायचं होतं, दुसरं काही नको होतं.

सव्विसाव्या रात्रीनंतरच्या सकाळी त्याला जाग आली ती फोनच्या आवाजाने. फोन बाहेरच्या खोलीत वाजत होता. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पलंगाची तिची बाजू रिकामी होती. ती उठून चहाला लागली असेल, फोन घेत का नाही, असं म्हणत त्याने मुखवटा काढला आणि बाहेर आला. ती शिलाई मशीनच्या खुर्चीत बसली होती. मशीनच्या फळीवर दोन उशा ठेवून त्यांच्यावर हात आणि हातांवर डोकं. फोन तिच्या कोपराशी वाजत होता आणि त्यावर मुलीचं नाव होतं. त्याने तिच्या खांद्याला हात लावला. अंग गार होतं.

डॉक्टर म्हणाले, तीन ते चारच्या मधे केव्हातरी. फार त्रास झाला नसेल, असंही म्हणाले. डॉक्टर तसं म्हणतात.

मुलगी त्याच दुपारी आली. दोन दिवस ती लोकांना पाणी देत, दार उघडत, भांडी घासत राहिली, बापाच्या नजरेला नजर न देता. तिसऱ्या दिवशी माणसं पांगल्यावर ती स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी राहिली.

"बाबा, आईचा फोन आला होता मला. त्या रात्री."

"केव्हा?"

"तीन वीसला. मी कामावर जागी असते ना, म्हणून करायची ती कधी कधी. झोप येत नसली की." तिने ओट्यावरचं फडकं उचलून परत ठेवलं. "आवाज तुटत होता तिचा. म्हणाली, जरा दम लागलाय, गोळी घेतलीय, बसलेय. मी म्हटलं, बाबांना उठव. तर म्हणाली, आत्ता नको."

"का?"

"म्हणाली, बाराला झोपलेत. चार तास भरायला अजून चाळीस मिनिटं आहेत. आत्ता उठवलं तर सव्विसाव्या रात्री पुन्हा एक होईल. चार वाजले की उठवते, म्हणाली." मुलगी खाली बसली. "मी ऐकलं तिचं, बाबा. माझ्या भट्टीत पाव होते. म्हटलं चाळीस मिनिटंच तर आहेत. चारनंतर मी फोन केला तर तिने घेतला नाही, मला वाटलं बरं वाटून झोपली असेल. मी तुम्हाला करायला हवा होता. करायला हवा होता ना?"

ड्रायव्हर तिच्याशेजारी फरशीवर बसला. त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं. "तुझी काही चूक नाही," तो म्हणाला, आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला. स्वतःला मात्र त्याला तसं म्हणता येईना. भिंतीपलीकडे, बारा पावलांवर, तो आयुष्यातली सगळ्यात चांगली झोप घेत पडला होता. पूर्वीचा तो असता तर आचके देत चाळीस वेळा जागा झाला असता. एकदा तरी त्याला पलंगाची ती बाजू रिकामी दिसली असती.

उरलेल्या चार रात्री त्याने मुखवटा लावला. कसा लावला, असं लोकांनी विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तर एकच होतं, की सव्वीसपर्यंत ती मोजत आली होती. त्याला वाटलं होतं, डोळ्याला डोळा लागणार नाही. पण लागला. त्या चारही रात्री त्याला झोप लागली, गाढ, आणि सकाळी जाग आली तेव्हा स्वतःच्या त्या ताज्या अंगाची त्याला किळस आली.

तीस रात्री भरल्यावर तो कार्ड घेऊन झोपेच्या विभागात गेला. मशीन देणाऱ्या ताईंनी कार्ड लावलं. घरात काय झालंय हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्याने सांगितलं नाही. पडद्यावर एकाखाली एक तीस पट्टे उमटले.

"वा!" ताई म्हणाल्या. "शंभरातला एखादा असं करून दाखवतो. ही बघा, सव्विसावी रात्र. बारा ते सहा दहा. मधे एकही थांबा नाही. ही तुमची सगळ्यात छान रात्र."

"तीन वीसला काय दिसतंय?" त्याने विचारलं.

त्यांनी जरा आश्चर्याने बोट फिरवलं. "तीन वीसला? काही नाही. श्वास एकसारखा. शांत झोपलायत."

"समजा तेव्हा उठलो असतो. तर?"

"तर काय, ती रात्र कमी भरली असती."

"आणि पुन्हा पहिल्यापासून."

"छे हो! कारण काय ते लिहून द्यायचं. ताप, प्रवास, घरात कुणाचं आजारपण. डॉक्टरबाई सही करतात आणि ती रात्र सोडून देतात. पुढची मोजायची. तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?" त्यांनी नियमांचा तो फॉर्म काढून उलटा केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ते छापलेलं होतं. डेपोच्या साहेबांनी पुढची बाजू वाचली होती.

ड्रायव्हरने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. 'घरातील व्यक्तीचे आजारपण' हे शब्द तिथे होते, तिसरे. त्याने विचारलं, "हा कागद मी नेला तर चालेल?" ताईंना वाटलं, पास झाल्याची आठवण म्हणून मागतोय. त्यांनी हसून दिला.

बाहेर येऊन तो इस्पितळाच्या पायरीवर बसला. मुलीचा फोन आला. ती बेकरीतून सुटली होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"बाबा, काय म्हणाले? मिळाली बस?"

"मिळाली."

ती पलीकडे रडायला लागली. "आईचं सार्थक झालं, बाबा," ती म्हणाली. "निदान तुमची ती रात्र वाया गेली नाही. नाहीतर मी काय तोंडाने..."

कागद त्याच्या हातात होता, मागची बाजू वर.

"हो," ड्रायव्हर म्हणाला. "नियमच तसा होता."